सुताराकडचा भुसा

माझे मामा भट्टीवर होते. विटांच्या भट्टीवर नव्हे. ट्रकच्या इंजिनाजवळचे जे भाग लालभडक तापतात, त्यांच्याभोवती बसवायची हलकी मातीची कवचं बनवायचा घाट आमच्या कारखान्याने घातला होता, त्या भट्टीवर. लोखंडी कवचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन आणि अंगभर बारीक भोकं. भोकांतून वारा खेळला की तो उष्णता बरोबर घेऊन जाणार, आणि शेजारचे रबरी नळ, वायरी वितळणार नाहीत, अशी सगळी कल्पना. मामी म्हणायची, बाकीचे लोक काहीतरी बनवून पगार घेतात, आमचे हे भोकं पाडून घेतात.

खरं तर भोकं कोणी पाडत नसे. पांढऱ्या मातीत लाकडाचा बारीक भुसा मिसळायचा, ते मिश्रण साच्यात दाबायचं, आठवडाभर सावलीत वाळवायचं आणि मग भट्टी चढवायची. भुसा जळून जातो, त्याची जागा रिकामी राहते. भट्टी घाईने तापवली तर आतला धूर कवच फोडून बाहेर पडतो. मामांना घाई कशाशी खातात ते माहीत नव्हतं. जेवायलासुद्धा ते अर्धा तास लावायचे, एका भाजीला.

कवच पास व्हायला ट्रक कंपनीची अट होती : लाल होईपर्यंत तापवायचं, गार वाऱ्याने निववायचं, असं साठ वेळा. आमची कवचं पंधराव्या नाहीतर विसाव्या फेरीला टिचायची. टिचताना बोट मोडल्यासारखा आवाज यायचा. चार वर्षं मामांनी तोच आवाज ऐकला. विभागाच्या इंजिनीअर मॅडम प्रत्येक वेळी वहीत आकडा लिहायच्या आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागायच्या. मामांना त्या आवडायच्या त्या एवढ्याचसाठी.

मग एकदा अकरा कवचं निघाली आणि साठ फेऱ्या झाल्या तरी एकही टिचलं नाही. मॅडमनी शंभरपर्यंत चालवलं, तरी नाही. मी त्याच कारखान्यात आवक-जावक टेबलावर होते, मला खिडकीतून दिसलं, मॅडम चाचणीच्या खोलीत स्टुलावर बसून राहिल्या होत्या आणि मामा उगाचच कोरडं टेबल पुसत होते. त्या संध्याकाळी रोज चालत येणारे मामा भाड्याच्या गाडीने घरी आले. मामीला वाटलं, काहीतरी बरंवाईट झालं.

ट्रक कंपनीने दोनशे कवचं मागवली. मामांनी ती त्याच मापाने, त्याच भट्टीत, तितक्याच सबुरीने केली. पहिलं कवच अठराव्या फेरीला टिचलं. बाकीची त्याच्या मागोमाग.

माती तपासली, पाणी तपासलं, भट्टीचा तापमापक नवा बसवला. तीन महिने असे गेले. एक दिवस वाळवणाच्या फळीसमोर उभे असताना मामांच्या लक्षात आलं, की त्या अकरांचा भुसाच वेगळा होता. त्या महिन्यात स्टोअरकडची पोती वेळेवर आली नव्हती. मागच्या फाटकापलीकडे एका सुताराचं दुकान होतं, मामा दुपारचा डबा त्याच्याबरोबरच खायचे. तिथून त्यांनी दोन पोती भुसा आणला होता, आणि वहीत नुसतं 'भुसा' एवढंच लिहिलं होतं.

मॅडमनी विचारलं, "लिहिलं का नाहीत?"

मामा म्हणाले, "ते लिहिण्यासारखं आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?"

त्याच पावली ते सुताराकडे गेले. त्याआधी पंधरा दिवस सुताराला पक्षाघाताचा झटका आला होता. एवढे दिवस तो डब्याला दिसला नव्हता, पण कामाच्या धांदलीत मामांनी चौकशीही केली नव्हती, आणि ही गोष्ट पुढे त्यांना भुशापेक्षा जास्त लागून राहिली. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. मुलाने करवती विकल्या होत्या आणि जागा भाड्याने द्यायची म्हणून दुकानाची जमीन पाण्याने धुऊन काढली होती. कोपऱ्यात चिमूटभरसुद्धा भुसा उरला नव्हता. मुलाला एवढंच आठवत होतं, की बाबांनी कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या जुन्या तुळया चिरायला आणल्या होत्या. कुठली इमारत, कसलं लाकूड, ते बाबांनाच माहीत.

मामांनी गावातल्या सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. जुन्या लाकडाचा मिळेल तो भुसा आणून छोट्या पिशव्यांत भरला आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावली. आता ते सगळं लिहीत होते, तारीख-वारसुद्धा. बावीस पिशव्या झाल्या, तेव्हा एका रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून सुताराच्या घरी घेऊन गेले.

सुतार खिडकीशी खाटेवर होता. मामांना पाहून त्याचे डोळे भरून आले. मामा खाली बघत राहिले. मग त्यांनी पहिली पिशवी उघडून त्याच्या नाकाशी धरली. सुताराने वास घेतला आणि मान हलवली, नाही. दुसरी, नाही. मी चिठ्ठ्या बघून वहीत खुणा करत होते. नवव्या पिशवीला त्याने डोळे मिटले, पुन्हा एकदा वास घेतला आणि सावकाश मान डोलावली, हो.

मामा पुढे झुकले. "नक्की ना रे? हाच?"

सुताराने पुन्हा मान डोलावली. मामांनी खातरजमा म्हणून दहावी पिशवी पुढे केली. त्यालाही हो. अकरावीलाही हो.

त्याची सून दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, दमले की ते सगळ्यालाच हो म्हणतात."

मामांनी पिशव्यांची तोंडं एकेक करून बांधली. मग सुताराचा डावा हात हातात घेऊन बराच वेळ बसले.

तरी नवव्या पिशवीचा भुसा त्यांनी वापरला. आशा अशी चिवट असते, की माणसाला लाज वाटली तरी सुटत नाही. कवचं बावीस फेऱ्या टिकली. दहावी, अकरावी, पुढे सगळ्याच पिशव्या झाल्या. मॅडमनी अकरांपैकी एक कवच दळून बाहेर तपासायला पाठवलं. लाकडाच्या राखेतले कुठले क्षार आत उरलेत, याची यादी आली. ते क्षार मोजून मातीत मिसळले. सोळा फेऱ्या. त्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, की यादी म्हणजे लाकूड नव्हे.

वर्ष संपता संपता ट्रक कंपनीने मागणी काढून घेतली. विभाग बंद झाला, भट्टीच्या आतल्या विटा काढून नेल्या, मॅडम दुसरीकडे लागल्या. मामांना पॅकिंगला टाकलं. तिथे आता लोखंडी कवचं यायची, एक उचलायला दोघं लागत. मामांनी कसलीच तक्रार केली नाही. पुढचा पावसाळा संपताना सुतार गेला. तोवर दर रविवारी मामा त्याच्याकडे जाऊन बसत. काय करता तिथे, असं मामीने विचारलं तर म्हणत, काही नाही, बसतो.

मामांच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना माझ्या टेबलावर मॅडमचं पत्र आलं. नव्या जागी त्या पुन्हा अशाच कवचांवर काम करत होत्या. त्या अकरांपैकी एखादा तुकडा, नखाएवढा का होईना, कुठे असला तर पाठवावा, असं त्यांनी लिहिलं होतं. नव्या यंत्रांनी कदाचित काही कळेल.

जेवणाच्या सुट्टीत मी ते मामांना वाचून दाखवलं. अकरांपैकी दहा ट्रक कंपनीकडे गेली होती आणि तिथे कधीच भंगारात निघाली होती. दळलेलं कवच तर संपलंच होतं. मामांना हे पाठ होतं. तरी त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली, जुन्या चाचणीच्या खोलीत गेले आणि कपाटाखाली, खिडकीच्या फटीत, नाल्याच्या जाळीत बघत राहिले. तिथे आता पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते; तेही एकेक करून सरकवले. मी दारात थांबले होते. घंटा झाली तेव्हा ते गुडघे झटकत उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले, "काही शिल्लक नाही."

मी तसं लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं आणि जावक क्रमांक टाकून पाकीट बंद केलं. डबा तसाच राहिला होता. तो उचलून मामा पॅकिंगला गेले.