गोपिकेचं पोट

“तुही नजर लागली म्हणूनच तं मी अशी झाली! आता पोरगीबी पाहिजे तुले?” देवकी खाटेवरून ओरडली.

“माह्या नजरंत एवढी ताकद असती तं मामाचं घर कवाच पडलं असतं वं,” गोपिका म्हणाली. “तू बरी होईस्तोवर दोन महिने नेतो म्हटलं. मारून थोडीच टाकतो?”

देवकीची तीन वर्षांची प्रेमिला गोपिकेच्या मांडीवर बसून ताक-भात खात होती. आईच्या हातचा घास तिने सकाळपासून घेतला नव्हता. देवकीला खरं तेच झोंबलं होतं.

दोघी सख्ख्या बहिणी, कुही गावच्या धानकऱ्याच्या लेकी. देवकी दोन वर्षांची असताना निपुत्रिक मामाने तिला नागपुरात, इतवारीत आणलं. नळाचं पाणी, डब्यातलं दूध, बिस्किटं, पायांत मोजे. मामी तिला मातीत उतरू देत नसे. गोपिका गोठ्यात वाढली, तळ्याचं पाणी प्यायली आणि सणाला आलेल्या बहिणीच्या मोज्यांकडे टक लावून बघत राहिली. ते बघणं देवकी विसरली नाही. लग्नानंतर, एकोणिसाव्या वर्षी, तिला शौचातून रक्त जाऊ लागलं, तेव्हा तिने त्याच नजरेला बोल लावला. सहा वर्षं काढे, इंजेक्शनं, मीठ-मिरच्यांचा उतारा. आजही दिवसातून दहादा परसाकडे जावं लागे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. कुहीहून आलेलं तूप नजरेच्या धास्तीने ती मोलकरणीला देऊन टाकी.

भांडण चालू असतानाच देवकीचा नवरा, चंपतराव, नव्या डॉक्टरांना घेऊन आले. वामनराव डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, आणि लहानपण कुठे गेलं ते विचारलं. मग तोच प्रश्न गोपिकेला.

“तुम्हाला कधी असा त्रास?”

“मले? मले दगड पचते.”

डॉक्टर हसले नाहीत. “ही आव नाही, म्हणून आवेची औषधं लागू पडत नाहीत. आतड्याला आतून व्रण पडतात. माझ्याकडे असे नऊ रोगी आहेत, त्यांतले सात शहरात वाढलेले. खेड्यांतून आव येते, जंत येतात, हे क्वचितच. का, ते मला माहीत नाही. कदाचित खेड्यातले माझ्यापर्यंत पोचतही नसतील. तुम्ही एका आईच्या दोघी, म्हणून विचारलं.”

औषध लिहून देऊन ते गेले.

गोपिका पोरीचा उरलेला भात कच्च्या कांद्याबरोबर संपवत होती. बोटं चाटली, तांब्याभर पाणी प्यायली, ढेकर दिला. देवकी बघत होती. लुगड्याखालचं ते निवांत पोट. कधी दुखलं नाही, कधी कुणाच्या घरी तिला मध्येच उठावं लागलं नाही. तीच आई, तोच बाप, आणि असं पोट मात्र हिच्या वाट्याला!

गोपिकेने पदर पोटावर ओढून घेतला. “अशी काहून पाहून राहिली वं?”

 देवकीची नजर प्रेमिलाच्या पायांकडे गेली. पांढरे मोजे. सकाळी तिनेच चढवले होते. पोरीला जवळ ओढून तिने ते एकेक करून काढले. “मातीत वाढू दे इले, तुह्यासारखं दगड पचू दे,” ती गोपिकेला म्हणाली.

“डॉक्टरले माहीत नाही, अन् तुले समजलं का?” चंपतराव म्हणाले. “पोरगी इथंच राहीन.”

“प्रेमिला उद्या गोपिकासंगं कुहीले जाईन,” देवकी म्हणाली. “शाळेच्या वयाची होईस्तोवर तिथंच राहीन. अन् गोपिका, तिले रोज सांगजो, आई मी आहो. तू मावशी.”