देवाची उजवी बाजू

नाना मंगळवारी दुपारी वारले. बुधवारी घरात कोणी कोणाशी वाद घातला नाही.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. विट्याजवळच्या आमच्या गावात ते आधी निकाल देत आणि मग कारणं शोधायला बसत. "हुकूम आदी, कारण मागनं," म्हणत. चौथा कप चहा का घ्यावा याची तीन कारणं ते चहा संपल्यावर सांगत.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर मी मॅट्रिक झाले. मला सांगलीला कॉलेजात जायचं होतं. माझ्या वडिलांना, आबांना, स्थळ बघायचं होतं. शेवटी, मला कॉलेजात पाठवावं का, असा आबांनी भैरोबाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

आबांनी हात जोडले. "मिटलं. देवाची इच्छा न्हाई."

"थांब रं," नाना म्हणाले आणि गुरवाकडे वळले. "उजवी कुनाची धरतोस?"

"आपली. आपल्याला दिसती तशी."

"कौल देवाचा आन् उजवा हात तुजा? तलवार कंच्या हातात हाय त्याच्या?"

तलवार देवाच्या उजव्या हातात होती. कळी तिच्याच पात्यावर पडली होती.

गुरव घाबरला. "आवं सुभेदार, मग आजवरचं समदं कौल उलटं झालं की! लग्नं लागली, हिरी खणल्या!"

"हिरींना पानी लागलं न्हवं? मग देवानं सांभाळून घेतलं. लय मोठ्या मनाचा हाय त्यो."

जूनमध्ये आबांनीच मला एस.टी.त बसवून दिलं.

मी तत्त्वज्ञान घेतलं. देव आहे हे सिद्ध करणारे युक्तिवाद वहीत उतरवून सुट्टीत आणले आणि नानांना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"ब्येस हाय. पर ह्ये वाचून कोन देवळात गेलं का?"

"आणि तुमची तलवार?" मी विचारलं. "ती आधी सुचली, की मला पाठवायचं आधी ठरलं होतं?"

"पाठवायचं ठरलं हुतं. कळी पडल्यावर तलवार दिसली."

"म्हणजे देवाला तुम्ही मानतच नव्हता!"

नाना उठून बसले. "मानत नसतो तर येवढा भांडलो असतो व्हय गं? गुरवाची पाठ फिरल्यावर कळी उचलून पलीकडं ठेवली असती."

नाना आजारी पडले तेव्हा ते बरे होतील का, असा आबांनी पुन्हा कौल लावला, आता गावात रूढ झालेल्या रीतीने. देवाच्या उजव्या खांद्यावरचीच कळी पडली, म्हणजे होकार. आठव्या दिवशी नाना गेले.

तेरावं झाल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. "दादा असता तर त्यानं कायतरी कारण काडलं असतं. तू शिकलीस, तू सांग."

मी सांगलीत तर्कशास्त्र शिकवते. मला कारण सापडलेलं नाही. गावी गेले की भैरोबाला कण्हेर वाहते.