नटाखालचा रंग

ती गाडी चालवते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, कुणाची? तिची स्वतःची, असं म्हटलं की दुसरा प्रश्न तयारच असतो, मग नवरा काय करतो? हे दोन प्रश्न ऐकून माझं डोकं फिरतं. तिचं फिरत नाही. ती म्हणते, विचारू देत, सकाळी पावणेसातला मला उत्तरं द्यायला फुरसत नसते.

नऊ वर्षं ती शाळेची व्हॅन चालवते. मुलं अकरा. ती तिला मावशी म्हणतात. स्टँडवरचे व्हॅनवाले आणि त्यांच्या संघटनेची कागदपत्रं सांभाळणारा मी, आम्ही सगळे तिला 'घड्याळ' म्हणतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा तो महिनाभर तिच्या हॉर्नवर शटर वर करायचा, आणि नवीन घड्याळ आणल्यावर म्हणाला, हे जरा मागे पडतं. नऊ वर्षांत मुलं एकदाही उशिरा पोचली नव्हती.

नवरा काय करतो, तर आता काहीच नाही. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात तो बावीस वर्षं रंगारी होता. रंगाची वाफ छातीत जाऊन बसली आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्प्रेगन सोडायला लावली. तेव्हापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा खोकला. दाराच्या बिजागरीला तेल घालायचं, नळ गळतो का बघायचं, आणि बायको परत येईपर्यंत खिडकीशी बसायचं. घर चालायचं ते त्या व्हॅनवर. दुसरं काही नव्हतं.

आणि अशात शाळेच्या वाहतूक समितीचं पत्र आलं. सोमवारी सर्व गाड्यांची तपासणी. गाडी स्वच्छ, नीटनेटकी, गंज नसलेली हवी. जी या नियमांत बसणार नाही तिचा परवाना तिथेच रद्द.

बाहेरून गाडी ठीक होती. दर रविवारी ती स्वतः धुवायची. पण चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यांपैकी दोन कधीच गळून पडल्या होत्या, तिसरी तारेनं बांधली होती, आणि आतली लोखंडी चाकं पार लाल झाली होती. शुक्रवारी दुपारी ती व्हॅनच्या भोवती सात-आठ वेळा फिरली. लांबून बघितलं, जवळून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. गंज काही कमी होईना. रात्री जेवता जेवता उठून ती पुन्हा चाकं बघून आली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, एवढंच ना, मी रंगवतो.

गन नाही, ती म्हणाली. गनला हात लावायचा नाही. मग ब्रशनं, तो म्हणाला. आत नाही, बाहेर उघड्यावर. बरं, बाहेर. तोंडाला फडकं बांधून. बांधतो गं बाई.

शनिवारी दुपारी कामाला सुरुवात झाली. ती जॅक लावून एक चाक काढायची, त्याच्या जागी स्टेपनी चढवायची, म्हणजे गाडी चार चाकांवर उभी राहायची. जिन्याखाली दोन विटांवर चाक आडवं ठेवून तो बसायचा. तारेच्या ब्रशनं गंज काढला, पॉलिश पेपरनं घासलं, थिनरच्या बोळ्यानं पुसलं. टायरला रंग लागू नये म्हणून पत्त्यांचा एक जुना कॅट फोडून एकेक पान टायर आणि लोखंडाच्या फटीत खोचलं. राजा, राणी, गुलाम सगळे गोल करून उभे. आधी लाल अस्तर, मग चंदेरी रंग. मी तेव्हा कसल्याशा कागदावर तिची सही घ्यायला गेलो होतो. त्या माणसाला मी दोन वर्षांत ताठ बसलेला पाहिला नव्हता. तो ताठ बसला होता आणि खोकत नव्हता.

त्याची एक पद्धत होती. तो कारखान्यात नवीन होता तेव्हा मालक कपाटाच्या पाठीमागे बॅटरी मारून बघायचा, भिंतीला लागणारी बाजू रंगवली आहे की नाही. तेव्हापासून याच्या हाताला सवय, जे दिसणार नाही ते आधी. त्यानं चाकाची मागची बाजू आधी रंगवली. जिथे चाक गाडीला चिकटून बसतं ती सपाट जागा रंगवली. मग बारीक ब्रश घेऊन नट बसतात ती चार-चार भोकं आतून रंगवली, एकदा, दोनदा, आणि कोपऱ्यातूनच गंज सुरू होतो म्हणून तिसऱ्यांदा. तिनं विचारलं, अहो, एवढं आत कशाला? तो म्हणाला, उरकायचं काम मी कधी केलंय?

खरं सांगायचं तर मीही कौतुकानं मान हलवली होती. मला गाड्यांमधलं काही कळत नाही असं नाही. पण त्या वेळी माझ्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाचही चाकं तयार झाली. रंग वरून वाळला होता. तिनं चाकं चढवली, नट आवळले, पान्यावर उभं राहून अंगाचा भार देऊन आवळले. नवरा खुर्ची बाहेर काढून बसला आणि अंधार पडेपर्यंत चाकांकडे बघत राहिला.

सोमवारी शाळेच्या पटांगणात तपासणी झाली. पर्यवेक्षक बाई हातात कागद लावलेली फळी आणि पेन घेऊन गाड्यांभोवती फिरल्या. ब्रेक दाबून बघितला नाही, दार ओढून बघितलं नाही. लंबूची व्हॅन आली. लंबू म्हणजे तिच्या शेजारच्या रस्त्याचा व्हॅनवाला, इतका उंच की स्टिअरिंग गुडघ्यांत धरतो असं आम्ही म्हणतो. त्याच्या गाडीला एक पोचा होता आणि चाकं गंजलेली. बाईंनी फुली मारली. माझं तोंड उघडलंच होतं, पण तिनं डोळ्यांनी मला गप्प केलं, कारण पुढचा नंबर तिचा होता.

बाई थांबल्या, वाकल्या. नवीन चाकं घातली का, असं विचारलं. नाही, घरी रंगवली, ती म्हणाली, यांनी. बाई म्हणाल्या, सुरेख. आणि बरोबरची खूण केली. लंबूनं जाता जाता ऐकवलं, ताई, माझ्या गाडीलाही पावडर-लिपस्टिक लावायला हवी होती. घरी जाऊन तिनं नवऱ्याला बाईंचा तो एक शब्द सांगितला. त्या दिवशी त्यानं दाढी केली.

मंगळवारी सकाळी डावीकडे वळताना टिक असा आवाज आला. मग पुन्हा टिक. तिनं खिडकीची काच खाली केली, काच वर केली. मुलांना गप्प बसायला सांगितलं. मुलं गप्प बसली की आवाज बंद, बोलायला लागली की वाटायचं आवाज येतोय. दुपारी परत येताना तिनं मुद्दाम डावीकडची वळणं टाळली आणि चार मिनिटं जास्त घालवली. घरी येऊन नट तपासले. प्रत्येक नट थोडा थोडा फिरला. तिला हायसं वाटलं. रविवारी आपणच नीट आवळले नसतील. पुन्हा पान्यावर उभी राहिली. नवऱ्यानं खिडकीतून विचारलं, काय गं? काही नाही, ती म्हणाली, जरा बघतेय.

पण मनातलं जाईना. आवळलेलं सैल का व्हावं? नऊ वर्षांत झालं नव्हतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तेच. बेअरिंग असेल. नाही, बेअरिंग घरघरतं. माझे कानच असतील. लंबूला विचारलं असतं, पण सोमवारपासून तो तोंड फिरवत होता.

बुधवारी आठ मुलं गाडीत बसेपर्यंत काही झालं नाही. नववं आलं, दहावं आलं. अकरावं मूल सगळ्यात लहान, ते मागच्या सीटवर अगदी तिच्या पाठीशी बसतं. पाण्याच्या टाकीजवळचा उतार लागला आणि स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागलं. आधी बारीक, मग मनगटापर्यंत. उताराच्या शेवटी चौक, चौकात ट्रक. मागून ते पिल्लू शांतपणे म्हणालं, "मावशी, गाडी दात वाजवतेय."

तिनं ब्रेक हळूहळू दाबला. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला रस्त्यावरचा दगड लावला आणि मुलांना एकेक करून उतरवून फूटपाथवर भिंतीशी उभं केलं. मग पुढच्या डाव्या चाकाशी बसली. नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला. दुसराही बोटांनी फिरला. काढून बघितलं, तर नटाच्या तोंडाला चंदेरी रंगाची गोल साल चिकटून आली होती, आणि तिच्या खाली लाल अस्तराची.

तेव्हा तिला कळलं. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. नट रंगावर आवळला होता. चाक फिरेल तसा रंग दबत होता, आणि दबलेल्या रंगामागे नट सैल होत होता. पुन्हा आवळला असता तर पुन्हा दबला असता. चारही चाकांत तेच, आणि स्टेपनीतही तेच.

शाळा तिथून सात मिनिटांवर होती. घंटेला अकरा मिनिटं होती. पाना हातात होता. आवळून निघाली असती तर बहुतेक पोचलीही असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. हे तिनं मला नंतर स्वतः सांगितलं, मी विचारलं नव्हतं. म्हणाली, मी पाना नटाला लावलाही होता. मग भिंतीशी बघितलं. अकरा दप्तरं.

तिनं लंबूला फोन लावला. तो उचलेल याची खात्री नव्हती. उचलला.

"लंबू, माझी गाडी चालवण्यासारखी नाही. मुलांना शाळेत सोड."

"ताई, माझी गाडी नापास आहे. विसरलीस?"

"नट घट्ट आहेत ना?"

तो म्हणाला, आलो. आणि आला. नापास गाडीतून, गंजलेल्या चाकांवर, अकरा मुलं वीस मिनिटं उशिरा शाळेत पोचली. फाटकात पर्यवेक्षक बाई उभ्या होत्या.

ती मागून पायी आली. गाडी बंद पडली असं सांगता आलं असतं. मी तिथे असतो तर तेच सांगायला लावलं असतं, आणि ते चुकलं असतं. तिनं खिशातून तो नट काढून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं. बाईंनी लेखी खुलासा मागितला, आणि तोपर्यंत गाडी बंद. लंबूनं मुलं आणावी की नाही यावरही त्यांना अर्धा तास लागला. शेवटी मुलं पोचायला हवीत म्हणून हो म्हणाल्या. म्हणजे ज्या गाडीवर सोमवारी फुली मारली, तीच बुधवारी कामाला आली. मला यावर अजूनही बोलायचं असतं.

पण अवघड ते शाळेत नव्हतं, ते घरी होतं. पंक्चरवाल्याला सोबत घेऊन, दर थोड्या अंतरावर नट आवळत, चालण्याच्या वेगानं तिनं रिकामी गाडी घरी आणली. खिडकीत नवरा. एवढ्या लवकर कशी, असं त्याच्या तोंडावर. तिला वाटलं, खोटं सांगावं. या माणसानं दोन वर्षांत एक काम केलं, त्याला एक शब्द मिळाला, तोही काढून घ्यायचा का? ती गाडीतच बसून राहिली. शेवटी तोच बाहेर आला, भिंतीला धरून. तिनं साल चिकटलेला दुसरा नट त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं नखानं साल काढली. अंगठ्यावर घेऊन बघितली. बराच वेळ बघितली.

"रंग चांगलाच आहे," ती म्हणाली. "जागा चुकली."

"कपाट एका जागी उभं असतं गं," तो म्हणाला. "मी कधी चालणाऱ्या वस्तूला रंग दिलाच नाही." मग त्यानं विचारलं, "मुलं कुठे होती?"

"गाडीत."

तो पायरीवर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, खरवडायची पट्टी दे, आणि पॉलिश पेपर. पाचही चाकांच्या वीस भोकांतला रंग त्यानं दोन दिवस बसून खरवडला, सपाट जागा उघडी लोखंडी केली, थिनरनं पुसली. तिनं म्हटलं, मी करते. त्यानं ऐकलं नाही. या वेळी खोकत होता.

खुलासा लिहायला ती माझ्याकडे आली. मी दोन पानं लिहिली. त्यात समिती होती, डोळ्यांनी केलेली तपासणी होती, पोचा आणि पावडर सगळं होतं. तिनं वाचलं आणि म्हणाली, दादा, हे तुमचं आहे, माझं कुठंय? मग तिनं सांगितल्याप्रमाणे चार ओळी लिहिल्या. रंग आम्ही दिला. चूक आमची. मंगळवारी आवाज आला तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती. आता मेकॅनिकचा दाखला जोडला आहे. मंगळवारची ओळ काढू या, मी म्हटलं, ती कुणी विचारलेली नाही. ती म्हणाली, राहू दे.

आठ दिवसांनी गाडी पुन्हा सुरू झाली. एका मुलाच्या वडिलांनी त्याला दुसरीकडे घातलं. मुलं आता दहा. लंबूला फेरतपासणीची तारीख मिळाली. पर्यवेक्षक बाई मला आवडत नाहीत, पण घडलं ते सांगायला हवं. गाडी सुरू झाली त्या दिवशी फाटकापाशी त्या चाकाशी वाकल्या आणि विचारलं, घट्ट आहे हे कसं बघायचं? तिनं त्यांच्या हातात पाना दिला.

चाकं आता लांबून चांगली दिसतात. जवळ गेलं की प्रत्येक नटाभोवती उघड्या लोखंडाचं एक कडं दिसतं, आणि तिथे गंज धरायला लागलाय. तिला त्याचं काही वाटत नाही. तिला आवाजाचं वाटतं. गाडीत कुणाच्या पेन्सिलीचा डबा खुळखुळला तरी तिचा पाय ब्रेककडे जातो. रोज निघण्याआधी ती सोळाही नटांना पाना लावते. त्याला सहा मिनिटं लागतात, म्हणून ती सहा मिनिटं आधी उठते. दुकानदाराला आता हॉर्नच्या आधी पान्याचा आवाज येतो, तो म्हणतो, घड्याळ पुढे जायला लागलं.

नवरा रोज सकाळी बाहेर येतो, पायरीवर बसतो आणि मोजतो. पंधरापर्यंत आली आणि मध्येच कुणी हाक मारली, तर तो म्हणतो, एक राहिला. ती परत वाकते.