रानातल्या डॉक्टरबाई

झाडासमोर आल्या की त्या आधी दोन पावलं मागे सरत, चष्मा कपाळावर चढवत आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत झाड तपासत. मग विचारत, "हं, काय होतंय?"

प्रश्न झाडाला असे. एकदा मी चुकून "गुडघा दुखतोय" म्हणून बसलो. त्यांनी तोही दाबून बघितला.

नॉटिंगहॅममध्ये आमच्या वस्तीमागे एक छोटंसं रान आहे. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर या नागपूरच्या डॉक्टरबाई तिथे व्हॉलंटिअर म्हणून गेल्या, आणि महिन्याभरात बाकीचे व्हॉलंटिअर त्यांना विचारून शिंकू लागले.

पहिल्या रविवारी मी रोपं लावायच्या उत्साहात गेलो, तर त्यांनी माझ्या हातात करवत दिली.

"डॉक्टर, आपण जंगल वाचवतोय ना?"

"मग? सर्जनच्या हातात काय गुलदस्ता असतो? हेझलचं झाड बुडाशी कापलं की जोमाने फुटतं. काप मुकाट्याने."

तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ त्या हेझलला मिठी मारून उभे राहिले. बाईंनी शांतपणे त्यांच्यापुढे चहाचा कप आणि बिस्किट धरलं. दोन्ही घ्यायचं तर मिठी सोडणं भाग होतं. पुढच्या रविवारी गृहस्थ स्वतःची करवत घेऊन हजर!

पण याच बाई एका अ‍ॅशच्या झाडापाशी विरघळत. रानातून जाणाऱ्या शाळेच्या वाटेवरचा तो प्रचंड अ‍ॅश बुरशीच्या रोगाने शेंड्याकडून वाळत चालला होता. पाडायचा विषय निघाला की त्या म्हणत, "एक पावसाळा बघू." इंग्लंडमध्ये पावसाळा संपतो कधी, हे विचारायची आमची छाती नव्हती.

मग मार्चमधल्या एका सकाळी त्याची मांडीएवढी फांदी वाटेवर कोसळली. मुलं नुकतीच पुढे गेली होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून फांदी तपासली.

"घरच्या माणसाची केस डॉक्टरने घेऊ नये, ते उगीच नाही म्हणत," त्या पुटपुटल्या, आणि तिथूनच त्यांनी कौन्सिलला फोन लावला.

झाड पाडायच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून, वर पिवळं चमकतं सेफ्टी जाकीट चढवून आल्या.

"लग्नाला निघालात का?" एका कामगाराने विचारलं.

"सेंड-ऑफ आहे," त्या म्हणाल्या आणि बुंध्याला हळदकुंकू लावलं. बिचाऱ्याने आदराने हेल्मेट काढलं. लगेच बाई कडाडल्या, "हेल्मेट घाल आधी! वर बघ, काय लटकतंय ते!"

ओरडल्या नेहमीसारख्याच, पण बुंध्यावरचा हात काही काढला नाही.

यंदा त्या मुलीकडे एडिनबराला राहायला गेल्या. नंतरच्या रविवारी आम्ही सगळे वेळेवर जमलो, रानात आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर बसलो. उठा म्हणणारं कोणी नव्हतं. अ‍ॅशच्या जागी कित्येक वर्षांनी ऊन जमिनीपर्यंत पोचलं होतं. काम तसंच टाकून आम्ही त्या उन्हात बसून राहिलो.