चौघांची एक चिठ्ठी

आमच्या चाळीत सुचित्रा गावडेला सहसा कोणी काही विचारायला जात नाही. उत्तराऐवजी तीच उलट दोन प्रश्न विचारते. लहानपणापासूनची खोड. दळण आण म्हटलं की 'का?', गप्प बस म्हटलं की 'का?'. तिची आई माया कपाळावर हात मारून म्हणायची, "देवाने हिला जीभ दिली ती 'का' म्हणायलाच." आता त्याच 'का'चा तिला पगार मिळतो आणि माया गॅलरीत सगळ्यांना तो पगार सांगत फिरते.

मी जयवंत घाडी, चाळीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पोस्टातून रिटायर झालो. माझा स्वभाव तापट आहे असं बायको म्हणते. मी म्हणतो, स्पष्ट आहे.

सुचित्रा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण सॉफ्टवेअर लिहीत नाही. लिहायचं काय, ते ठरवते. मला आधी वाटलं, हे काय काम झालं? गिऱ्हाईक सांगेल ते करायचं! तर तिने दादरच्या एका साड्यांच्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. त्याला झटपट बिल करणारं सॉफ्टवेअर हवं होतं. हिने का विचारलं. तर म्हणे, काउंटरला गर्दी होते. हिने दिवसभर दुकानात बसून पाहिलं. बिलाला वेळ लागतच नव्हता. बायका बिल झाल्यावर फॉल-पिकोला साडी द्यायला तिथेच थांबत होत्या. सॉफ्टवेअर बिलाचं नको होतं, फॉल-पिकोच्या नंबराचं हवं होतं. "माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, काका," ती म्हणाली. "आणि तो खोटं बोलत नसतो बरं का. त्याला कोणी पुढचं विचारलेलं नसतं."

तर आमची चाळ परळमध्ये, बंद गिरणीच्या भिंतीला लागून. ती पाडून टॉवर होणार, एका मजल्यावर चार घरं, सगळी सारख्या मापाची. कोणाला कुठलं घर ते आधी ठरवायचं, मगच खोल्या खाली करायच्या. ठरवणार कोण? कमिटीने ठरवलं तर दुसऱ्या दिवशी चाळीत डोकी फुटली असती. म्हणून सोडत कॉम्प्युटरने काढायची ठरली. बिल्डरने सॉफ्टवेअरवाले गाठून दिले. त्यांनी आमच्याकडे अटी मागितल्या, रविवारच्या सभेत पास करून द्या म्हणाले. मी अटी लिहिल्या. त्यातली एक माझी खास: एका गॅलरीतली दोन घरं एका मजल्यावर येता कामा नयेत.

सोसायटीची मेंबर म्हणून सुचित्राने तो कागद वाचला, खडू घेतला आणि आमच्या गॅलरीच्या लादीवर उकिडवी बसली.

"काका, ही अट का?"

"का म्हणजे? शेजारी-शेजारी एकत्र आले की गट होतात."

"झाले तर काय बिघडेल?"

"लोक म्हणतील, सेक्रेटरीने आपली माणसं जवळजवळ ठेवली."

"म्हणजे तुम्हाला गट नकोत, की आरोप नको?"

काय चिवट पोरगी! शेवटी म्हणालो, "आरोप नको."

तिने लादीवर वरच्या बाजूला एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'सोडतीवर कोणी बोट दाखवू नये'. त्याच्या खाली रेघ ओढून माझी अट लिहिली. "हे गोल मॉडेल, म्हणजे ध्येयांचा नकाशा. आम्ही असंच काढतो. 'का' विचारलं की वर चढायचं, 'कसं' विचारलं की खाली उतरायचं. वर असतं ते ध्येय. तुमची अट खाली आहे. ती नुसती एक वाट आहे, काका. दुसरी बरी वाट सापडली तर ही सोडून द्यायची."

"आणि नाही सापडली तर?"

"सापडते," ती म्हणाली. नुसतं एवढंच. ह्या पोरीचा आत्मविश्वास बघून कधीकधी चीड येते, खरंच.

मग तिने पहिल्या चौकोनाशेजारी दुसरा चौकोन काढला आणि रिकामा ठेवला. म्हणाली, "हे झालं कमिटीचं. आणखी कोणाचं तरी काहीतरी असणार. आपल्या सभेला कोण येत नाही?"

सभेला जाईबाई येत नाही. ऐंशी उलटलेली, एकटी, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. जिना उतरून तिला वर्षं झाली. त्याच गॅलरीत तिच्या समोरच्या खोलीत प्रिती आणि तिचा नवरा गंगाधर राहतात. सकाळ-संध्याकाळ प्रिती तिला इन्सुलिन टोचते, जेवणाचं ताट देते, मग डबा भरून कामावर पळते. नात्याची ना गोत्याची. आम्हाला ते इतकं सवयीचं झालेलं, की अटी लिहिताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सुचित्रा मला घेऊन जाईबाईकडे गेली. विचारलं, "आजी, तुम्हाला कितवा मजला हवा?"

"माका माळो खयचोव चलात गो," जाईबाई म्हणाली. "माका प्रितीचा दार ऐकू येवक व्हया. सकाळी ती दार उघडता, तेवा माका कळता उजाडला ता."

बाहेर आल्यावर सुचित्राने अटींचा कागद माझ्यापुढे धरला. मला घाम फुटला. माझ्या अटीने सोडत निघाली असती तर ती दोन दारं एका मजल्यावर कधीच आली नसती. नशिबानेसुद्धा नाही. मीच तसा बंदोबस्त करून ठेवला होता.

पण चाळीत जाईबाई एकटी थोडीच होती? सुचित्रा मग घरोघर फिरली. आधी विचारायची, काय हवं? सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: वरचा मजला, हवा, उजेड. मग हळूच दुसरा प्रश्न: "तुमच्या घराची दुसरी चावी कोणाकडे असते?" त्याला कोणी क्षणाचाही विचार केला नाही. समोरच्या वहिनींकडे, बाजूच्या मामांकडे, खालच्या ताईकडे. पोरं शाळेतून येतात, म्हाताऱ्यांची औषधं असतात, गॅसवाला येतो, म्हणून. कोणाच्याही मागणीत जे नव्हतं ते प्रत्येक घरात होतं. रिकाम्या चौकोनात तिने लिहिलं, 'शेजार तुटू नये'.

आणि दोन चौकोनांच्या मध्ये फुली मारली. म्हणाली, "ही दोन ध्येयं भांडतायत. शेजार राखायला गेलं तर वशिल्याचा संशय येतो. संशय टाळायला गेलं तर जाईआजी एकटी पडते. आता ह्यांचं भांडण मिटवायचं, एवढंच काम." दोन दिवस बायका त्या खडूवर पाय न देता कडेकडेने जात होत्या आणि जाता-जाता सल्ले देत होत्या.

रविवारी सभेत तिने तोडगा मांडला. आधी चार-चार घरांनी आपखुशीने एकत्र यायचं. ज्यांना कोणी नको, त्यांच्या चौकड्या कॉम्प्युटर पाडेल. मग सोडत घरांची काढायचीच नाही, मजल्यांची काढायची. मजल्यावर कोणाचं दार कुठलं, ते चौघांनी आपसात ठरवायचं. चौघांची एक चिठ्ठी.

दुसऱ्या माळ्यावरचा विकास ताडकन उठला. "वा! म्हणजे ज्यांचं गूळपीठ त्यांना वरचे मजले!"

"कसं काय, विकासदादा?" सुचित्राने शांतपणे विचारलं. "वर गेले तर चौघं वर, खाली आले तर चौघं खाली. तुझ्या चौकडीला जेवढा चान्स तेवढाच जाईआजीच्या चौकडीला. एकत्र राहून मजला चांगला मिळत नाही. फक्त शेजारी मिळतो."

"आणि आजींच्या चौकडीत कोण कोण?"

"आजी, प्रिती, आमचं घर आणि जयवंतकाका."

"बघा! सेक्रेटरी त्यातच!"

माझं टाळकं सरकलं होतं, पण सुचित्राने हाताने मला खाली बसवलं. "मग सोडतीचं बटण तूच दाब की," ती विकासला म्हणाली. "सगळ्यांसमोर." विकास खाली बसला. हात वर झाले, ठराव पास झाला. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस खूश, त्याला म्हणे काम उलट कमीच पडलं. माझी अट कागदावरून गेली. मी अजूनही म्हणतो, अट वाईट नव्हती, फक्त खाली होती.

सोडत शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये. जाईबाईला गंगाधरने खुर्चीत बसवून उचलून आणलं. विकासने बटण दाबायला सुरुवात केली. कोणी अठराव्यावर गेलं, कोणी बाराव्यावर, टाळ्या, शिट्ट्या. मायाने घरच्या देवाला आदल्या दिवशीच गाऱ्हाणं घातलं होतं. वरून समुद्र दिसतो म्हणतात, तो तिला खिडकीतून बघायचा होता. मग पडद्यावर आमची चौकडी आली.

सगळ्यांत खालचा. पार्किंगच्या डोक्यावर, समोर गिरणीची भिंत.

मग विकासच हसत सुटला. "काय सेक्रेटरी, वशिला कमी पडला काय?" अख्खा हॉल खदाखदा हसला. मला असा राग आला की विचारू नका. आणि तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला, की ह्या सोडतीवर आता जन्मात कोणी बोट दाखवणार नाही. सुचित्राकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. आईकडे बघत होती. मायाचा चेहरा पडलेला. "दुनियेला का-का विचारत फिरलीस," माया म्हणाली, "मला विचारलंस का?"

जाईबाई खुर्चीत अस्वस्थ झाली होती. लोक का हसले ते तिला कळेना. हात पुढे करून चाचपडत तिने विचारलं, "गो, प्रिती खय गावली?"

प्रितीने तो हात धरला. "तुमच्या समोरच, आजी. दाराला दार."

जाईबाईने डोळे मिटले आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. माया ते बघत राहिली. मग पदराने नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि जाईबाईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

मजला कितवा, ते जाईबाईने त्या दिवशी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.