वस्तादांनी उघडलेलं इंजिन

वस्ताद गाडी पाहायच्या आधी तिचं तेल पाहायचे. तुम्ही गॅरेजवर गेलात आणि काय बिघडलंय ते सांगायला तोंड उघडलंत, की ते हातानेच थांबा म्हणायचे. बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढायचे आणि तिच्या टोकाचा एक थेंब जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टेकवायचे. पत्रिका खरबरीत कागदाची लागायची. चकचकीत पत्रिका आली की लग्नाला जायचे, पण पत्रिकेवर मात्र नाराज असायचे. मग चहा मागवायचा. चहा होईपर्यंत थेंब पसरायचा: मध्ये काळा ठिपका, भोवती करडं कडं, त्याच्या बाहेर फिकट झालर. चष्मा कपाळावर सरकवून ते पत्रिका उन्हात धरायचे आणि तुमच्या गाडीबद्दल, खरं तर तुमच्याबद्दलच, बोलायला लागायचे. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढीच गाडी फिरते, इंजिन गरमच होत नाही, त्यामुळे पेट्रोल तेलात उतरतंय, असं काहीबाही. गिऱ्हाईक चाट पडायचं, कारण ते खरं असायचं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो तेल विकायला. मी लातूरचा. आमच्याकडे बारावीला बसलेल्या प्रत्येकाने डॉक्टर व्हायचंच असतं. मी झालो नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि इंजिन ऑइलच्या एका कंपनीची बॅग खांद्याला लावून लातूर-नांदेड करत बसलो. सिंथेटिक तेलावरचं माझं भाषण पाठ होतं, ते मी वस्तादांपुढे घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, यात तेल किती आणि बाकीचं काय काय? मी अडखळलो. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग आठवून आठवून सांगितलं: मळ धुणारं एक रसायन असतं, धुतलेला मळ तरंगत ठेवणारं दुसरं, झीज थांबवणारं तिसरं, फेस न होऊ देणारं चौथं. वस्ताद इतके खूश झाले की त्यांनी दुसरा चहा मागवला. "सगळे भाजीचं नाव इचारतेत. मसाला काय घातला, हे कुनी इचारत न्हाई," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा चारही रसायनं त्यांनी मला न चुकता म्हणून दाखवली. वर पाचवं कोणतं, हेही विचारलं.

त्यांचं मूळ गाव कंधारकडचं. शेती भाऊ बघायचा. हे तरुणपणी नांदेडला आले आणि जीपगाड्यांवर हात बसवला. शाळा चौथीपर्यंत. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे, इंग्रजीच्या वाटेला जायचे नाहीत. पण 'कामून?', म्हणजे 'का?', हा प्रश्न त्यांच्या जिभेवरून हलायचा नाही. मोडलेला पार्ट बदलला की बाकीचे मेकॅनिक तो भंगारात टाकतात. वस्ताद तो करवतीने मधोमध कापायचे. टेबलावर कापलेले पंप, कापलेले फिल्टर, एक उभा चिरलेला इंजेक्टर अशी आरास असायची. गिऱ्हाइकाला घाई असली तरी वस्तादांना नसायची. पार्ट का मोडला ते कळल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे त्यांच्या लेखी बेइमानी होती.

गिऱ्हाइकांना ते दोन गोष्टी हमखास सांगायचे. पहिली, गाडीला रडवू नका: वरचा गिअर लवकर टाका, इंजिन हळू फिरू द्या, पेट्रोल वाचतं आणि इंजिनही टिकतं. दुसरी, तेल बदलताना एक बाटली दवा ओता. ही दवा म्हणजे आमच्याच कंपनीचं, तेलात मिसळायचं धुणारं रसायन. जुन्या इंजिनात त्याने खरोखर फरक पडायचा. पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा सुटायच्या, धूर कमी व्हायचा. वस्तादांचा त्या बाटलीवर जीव होता. मी बाटल्यांची खोकी आणून टाकायचो, ते ओतायचे. वीसेक वर्षं हे गुण्यागोविंदाने चाललं. दोन्ही सल्ले जीपगाड्यांच्या जमान्यात सोन्यासारखे होते, आणि जमाना बदलल्याची दवंडी काही कुणी पिटत नाही.

लोह्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई नांदेडहून रोज गाडीने जायच्या-यायच्या. त्यांच्या वडिलांची जुनी गाडी वस्तादांच्याच हाताखालून गेलेली, म्हणून बाईंनी नवी गाडी घेतली तीही फुकटच्या सर्व्हिसिंगा संपल्यावर इथेच आणली. छोटं पेट्रोल इंजिन, वर टर्बो. वस्ताद लहान मुलासारखे हरखले. आठवडाभर मला फोन: हे पेट्रोल जातं कुठून? मी सांगितलं, पूर्वी पेट्रोल हवेबरोबर झडपांवरून आत जायचं, आता थेट सिलिंडरच्या आत फवारतात. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. त्यांनी हवेची नळी काढून आत बॅटरी मारून बघितलं होतं. पेट्रोल इतकं साफ, आणि झडपांवर मात्र काजळीचे थर. कामून?

याचं उत्तर त्यांचं त्यांनीच शोधलं, आणि ते अगदी बरोबर होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. पूर्वी पेट्रोल येता-जाता झडपा धुऊन काढायचं. आता ते तिकडे फिरकतच नाही. पण इंजिनातल्या तेलाची वाफ हवेबरोबर तिथे पोचते आणि गरम झडपेवर जळून बसते. म्हणजे घाण तेलाची आहे. चौथी शिकलेल्या माणसाने चिमणीएवढ्या बॅटरीच्या उजेडात हे ताडलं. मला अभिमान वाटला. आणि मग वस्तादांनी पुढचं पाऊल टाकलं, तेही तितक्याच तर्काने: घाण तेलाची असेल तर तेल जास्त धुणारं हवं. बाईंच्या गाडीत त्यांनी एकाऐवजी दोन बाटल्या ओतल्या. मी समोर उभा होतो. मी म्हणालो, वा वस्ताद.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात चढावर गाडीतून कधीमधी 'ठक' असा आवाज येतो, अशी बाईंची तक्रार आली. वस्ताद स्वतः विष्णुपुरीपर्यंत चालवून आले. एकटे होते, गाडी हलकी होती, काही वाजलं नाही. मग एका सकाळी बाई तीन शिक्षिकांना घेऊन लोह्याला निघाल्या, चढावर वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे पाचव्या गिअरमध्येच हळूहळू चढू लागल्या, आणि एक मोठा ठोका बसून गाडीने दम सोडला. मागून निळा धूर. गाडी ओढून आणली.

वस्तादांनी इंजिन उघडलं. चारपैकी तीन पिस्टन नव्यासारखे. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगांमधला काठ मात्र बिस्किटाचा तुकडा पडावा तसा तुटलेला. वितळल्याची खूण नाही, तेल कमी नाही, घासल्याची रेघ नाही. गॅरेजवर जो येई तो म्हणे पेट्रोलच भेसळीचं. बाईंनाही ते पटलं. रस्त्यावरच्या ज्या पंपावर त्या पेट्रोल भरायच्या, त्याच्याविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार तयार केली. वस्तादांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून हुंगलं, कागदावर वाळवलं. पेट्रोल चांगलं होतं. बाईंना त्यांनी सांगितलं, तक्रार चार दिवस थांबवा. मला बोलावून घेतलं आणि बाटली पुढे ठेवली. "ह्या दव्यात काय हाय, ते मला नीट सांग. भाषन नको."

मी कंपनीतल्या एका केमिस्टला फोन लावला. त्याने सांगितलं ते मी तिथेच उभ्या उभ्या वस्तादांना मराठीत सांगत गेलो. दवेतलं धुणारं रसायन कॅल्शियमचं. इंजिन हळू फिरत असतं, ओझं जास्त असतं, टर्बो हवा दाबून भरत असतो. अशा वेळी पिस्टनच्या काठाला तेल आणि पेट्रोलचा एखादा थेंब अडकलेला असतो. तेलात कॅल्शियम भरपूर असलं, तर तो थेंब ठिणगी पडायच्या आधीच पेटायचा धोका वाढतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट त्याला खाली दाबतो. म्हणून या गाड्यांच्या नव्या तेलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम घालतात. ते तेल बाईंच्या गाडीत होतंच. आपण वरून दोन बाटल्या ओतून तेल बनवणाऱ्यांनी जपून काढलेलं कॅल्शियम परत घातलं होतं. आणि हळू, वरच्या गिअरमध्ये चालवायला शिकवलं होतं.

केमिस्ट शेवटी म्हणाला, अहो, लेबलवर लिहिलंय की. मी बाटली फिरवली. खाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: टर्बो आणि थेट फवाऱ्याच्या पेट्रोल इंजिनात वापरू नये. ही ओळ केव्हापासून होती, मला माहीत नाही. मी खोकी उचलायचो, बाटल्या मोजायचो, लेबल कधी वाचलं नव्हतं. वस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

ती ओळ मी वस्तादांना वाचून दाखवली, एवढं तरी केलं. त्यांनी तुटक्या पिस्टनवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, बाईंना सांगायला पाहिजे. मी त्यांना खूप समजावलं. नव्या गाड्या आधीच शोरूमला जातात, ही बातमी फुटली तर उरलेली गिऱ्हाइकं तुटतील, चाळीस वर्षांचं नाव जाईल. त्यांनी फक्त मान हलवली, आणि पंपावरच्या माणसाचं नाव कामून घालवायचं, एवढंच विचारलं. मग मी खरं बोललो, आणि ते बोलायची आजही लाज वाटते. मी म्हणालो, "सांगा वस्ताद, पण माझं नाव घेऊ नका. लेबल न वाचता माल खपवला हे कळलं, तर माझी नोकरी जाईल."

"हाव," वस्तादांनी होकार दिला. "न्हाई घेत."

ते एकटे बाईंच्या घरी गेले. त्या दोघांत काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तक्रार फाडली गेली. पिस्टन त्यांनी स्वतःच्या पैशाने आणून बसवला. बातमी फुटायची ती फुटलीच: म्हातारा नव्या गाडीचं इंजिन फोडतो. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. त्यात त्यांनी सांभाळलेल्या गाडीच्या भाड्यावर दोन मुली उजवलेले एक सद्गृहस्थही होते, हे मला फार लागलं. वस्तादांना लागलं असेल तर दिसलं नाही. दवेच्या बाटल्या त्यांनी वेगळ्या फळीवर नेल्या आणि फक्त जुन्या गाड्यांना ओतत राहिले. औषध वाईट नव्हतं, रोगी वेगळा होता, असं त्यांचं म्हणणं. गाडी आली की आता पहिला प्रश्न असायचा, पेट्रोल कुठं पडतं? आणि मी गेलो की ते समोर तेलाचा डबा ठेवायचे आणि म्हणायचे, वाच. पूर्ण लेबल, खालची ओळही. मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच कामून विचारायचे. चार वर्षं मी त्यांच्यासमोर बसून लेबलं वाचली. आपलं सगळं मिटलं, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या थंडीत वस्ताद गेले. झोपेतच गेले. मी लातूरहून पोचेपर्यंत अग्नी दिलेला होता. परतताना पाय गाडीकडे वळेनात. गर्दीत बाई दिसल्या होत्या. त्यांचं घर विचारत विचारत गेलो. दारातच मी कोण ते सांगितलं, आणि मग थांबलोच नाही: बाटल्या मी विकल्या, लेबल वाचायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, आणि वस्तादांना माझं नाव घेऊ नका म्हणून मीच विनवलं.

बाईंनी मला बसवलं, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

"गाडी दुरुस्त करून द्यायला आले तेव्हा वस्ताद म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "बाटलीचं सांगाया एक जन येईल तुमच्याकडं. आला की त्याला आदी चा द्या, मंग बोला. मानूस वाईट न्हाई, भितो लई."

मी कप हातात घेतला.

"त्यानंतर मी गाडी दाखवायला गेले की दर वेळी ते विचारायचे, आला होता का तो? मी नाही म्हणायचे. मग म्हणायचे, येईल. दिवाळीतसुद्धा विचारलं होतं त्यांनी."