बाबांच्या राखेवरचं सुबाभूळ

माझे वडील वारल्यावर दोन वर्षांनी मी त्यांना कुऱ्हाडीने तोडलं.

झालं असं. आम्ही रिठदचे. बाबांची शेवटची इच्छा एकच, "माही राख नदीत टाकू नका. घरामागं खड्ड्यात टाका अन् वर चिंच लावा." मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून रोप आणायचं काम माझ्याकडे आलं. रिसोडच्या रोपवाटिकेतला माळी म्हणाला, "गुरुजी, चिंचेचं रोप काढून देऊ का?" मी म्हणालो, "राहू द्या. झाडं मी पोरायले शिकवतो." आणि बारीक पानांचं एक रोप स्वतःच उचललं.

चिंच सावकाश वाढते. आमची वर्षभरात छपराच्या वर गेली. (इथेच शंका यायला हवी होती. मी राखेतल्या पालाशचे, म्हणजे पोटॅशचे, गुण सांगत गावभर फिरलो.)

माय मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन बुंध्याशी बसायची. "शेवटी तुह्या बाबायले कुशीवर वळता येत नवतं," ती म्हणायची. "आता पाहा, कसे सरसर वर चालले."

मी बुंध्याला आळं करून पाणी घालत राहिलो.

दुसऱ्या वर्षी पांढरे गोंडे आले, मग चपट्या शेंगांचे घोस. मायने एक शेंग चावून पाहिली. "कडू हाय," ती म्हणाली. "पण तुहा बापही कधी गोड बोलला नाही."

शेजारच्या शंकररावांची वांग्याची वाडी आहे. ते कुंपणाशी आले. "गुरुजी, हे सुबाभूळ हाय. बी पडून पडून माह्या वांग्यात रोपंच रोपं झाली. निंदून निंदून बायको थकली."

"चिंच नाही म्हणता?"

"चिंच असती तं एवढ्यात छपरावर गेली असती का?"

मला राग आला स्वतःचा, काढला झाडावर. माय मावशीकडे जऊळक्याला गेली होती. मी सुबाभूळ तोडलं आणि शेजारी खरी चिंच लावली.

माय परत आली. सकाळी कप घेऊन मागे गेली. तोडून उरलेल्या खोडाकडे पाहत उभी राहिली. चहा निवला.

"माय, ते चुकीचं झाड होतं."

"झाड चुकीचं असंन. राख तं त्यायचीच होती ना?"

मग ती कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा गेल्याचं मला खरं तेव्हा कळलं. तोवर मी पालाशमध्येच होतो.

पुढे खोडाला फुटवे आले. एक नाही, आठ. तोडलेलं सुबाभूळ जास्तच जोमाने फुटतं, हे मला पुस्तकात पाहावं लागलं. माय पुन्हा तिथे बसू लागली. शंकररावांना मी शब्द दिलाय, शेंगा वाळायच्या आत छाटेन. मी शिडीवर असतो आणि माय खालून म्हणते, "हळू रे, त्यायले लागंन."

चिंचेला तीन पावसाळे झाले. अजून माझ्या कमरेला लागत नाही. परवा मी मायला म्हणालो, "बाबांनी सांगितलेली चिंच ही. इथं बसत जा."

मायने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"ही तुही हाय," ती म्हणाली. "तुलेही काही समजाले असाच टाइम लागते."